तहसीनचा कान

"भाजीत मीठ बरोबर आहे का?" इद्रिसने चौथ्यांदा विचारलं.

"बरोबर आहे," तहसीन म्हणाली. "मगाशी बरोबर होतं, त्याच्या आधी बरोबर होतं. आता विचारून विचारून भाजी गार केलीत, तरी मीठ काही उठून गेलेलं नाही. खावा की."

इद्रिसने घास घेतला, चावला आणि पुन्हा मिठाच्या बरणीकडे बघितलं. तहसीनने बरणी उचलून आपल्या मांडीशी ठेवली.

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत, २०४८ सालच्या त्या उन्हाळ्यात, हे संभाषण रोज दोन वेळा होई. (घरातलं बोलणं अर्धं दखनी आणि अर्धं मराठी, आपण सोयीसाठी सगळं मराठीतच ऐकू.) इद्रिस जवारीचा कारागीर. वय चव्वेचाळीस, अंगाने किरकोळ, बोटं मात्र लांब आणि स्थिर. तहसीन त्याची बायको. ती तंबोऱ्यांवर नक्षी करायची, भोपळ्याच्या काठाने वेली आणि दांडीवर पानं. मुलगी झोहरा बेळगावात होस्टेलला होती. घराच्या पुढच्या खोलीत कारखाना, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा, आणि तोही बहुतेक वेळ बाजूला सारलेला.

इद्रिसच्या डाव्या दंडात, कातडीखाली, तांदळाएवढा एक दाणा होता. मिठाची सगळी भानगड त्या दाण्यामुळे होती, आणि दाणा होता टिकमुळे. तेव्हा आधी टिकचं सांगायला हवं.

आपल्या मेंदूत एक छोटीशी जागा असते. तिचं काम एकच, 'झालं' म्हणून सांगणं. दाराला कुलूप लावून एकदा ओढून पाहिलं की आपण निर्धास्तपणे चालू लागतो. भाकरी तव्यावर फुगली की हात आपोआप ती उतरवतो. मनात असतं तसं हातून उतरलं, की त्या जागी एक रसायन थेंबभर पाझरतं आणि जीव सुखावतो. ज्यांच्यात ते पाझरत नाही ते बिचारे शंभरदा हात धुतात. त्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. मंत्रचळ बरा व्हावा म्हणून कुठल्याशा दूरदेशीच्या प्रयोगशाळेत काही सज्जनांनी त्या रसायनाची नक्कल केली. हेतू चांगला होता. पण असला रेणू एकदा कागदावर उतरला की तो पुढे कुणाच्या हाती पडेल, यावर सज्जनांचा काही इलाज चालत नाही. बाजारातल्या हुशार लोकांनी त्याचं शेपूट थोडं बदललं, ताकद चाळीसपट केली आणि जिभेवर विरघळणाऱ्या पातळ पट्टीवर तो पसरून विकायला काढला. सरकारने एका रेणूवर बंदी घातली, की आठवड्याभरात नवं शेपूट लावलेला दुसरा हजर. नाव मात्र तेच राहायचं, टिक. बरोबर उत्तरावर मास्तर करतात ती खूण. पट्टीत नेमकं काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसे, आणि खरं म्हणजे विकणाऱ्यालाही नसे.

टिक घेतली की समोर जे असेल ते बरोबर वाटायचं. तोंडाला वास नाही, पाय लटपटत नाहीत, डोळे लाल होत नाहीत. एका कॉलेजातल्या मुलीने परीक्षेत दोनच प्रश्न सोडवले आणि समाधानाने हसत पेपर देऊन बाहेर आली. एका ट्रकवाल्याने कृष्णेच्या पुलावर मधोमध गाडी उभी केली आणि "पोचलो" म्हणून तो खाली उतरला. ऐकताना हसू येतं. पण पट्टीचा अंमल उतरला की सगळं उलटं व्हायचं. काहीच बरोबर वाटायचं नाही, स्वतःचे हातसुद्धा. मग दुसरी पट्टी घ्यायची, मग तिसरी.

आता इद्रिससारख्या माणसाला असली वस्तू का लागावी, हे कळायला जवारी कळली पाहिजे. तंबोऱ्याच्या चार तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी किंचित उतार असतो. तो उतार साधला तर तार त्याला हलकेच घासून जाते, आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात; हीच जवारी. खर्जाची तार छेडावी आणि कुणी न छेडलेला गंधार आपसूक ऐकू यावा, इतकं ते नाजूक काम. कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा कानस. कधी थांबायचं ते फक्त कान सांगतो. एक हात जास्त फिरला तर घोडी गेली. इद्रिसचे वडील म्हणायचे, "घासायला कुणीही शिकेल, थांबायला मी शिकवतो." आणि इद्रिसला थांबणं नेहमीच जड जायचं. एकेका घोडीवर तो आठ-आठ दिवस बसायचा, जेवण विसरायचा, जमलेलं काम पुन्हा उघडायचा. एकदा तंबोरा घ्यायला आलेल्या एका तरुण गवयाने ते बघितलं आणि खिशातून पट्टी काढली. "चाचा, जिभेवर ठेवा. जरा विसावा मिळेल." चाचांना विसावा मिळाला. जन्मात पहिल्यांदा मिळाला.

आणि खरं सांगायचं तर त्यानंतरचे पाच महिने तहसीनला फार आवडले. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा वेळेवर जेवायला येत होता. तिने काढलेली वेल हातात घेऊन "वा, तहसीन, वा!" म्हणत होता. वीस वर्षांत ज्याच्या तोंडून "ठीक आहे"च्या पुढे शब्द निघाला नव्हता, तो तिच्या डाळीला, तिच्या नव्या ओढणीला, तिच्या चालण्यालासुद्धा छान म्हणत होता. तिला वाटलं, माणूस वयाने मऊ झाला. कोण बायको अशा वेळी चौकशी करत बसेल?

मग तंबोरे परत यायला लागले. पहिला सोलापूरहून, दुसरा धारवाडहून, मग एका महिन्यात सहा. एकाचीही जवारी लागलेली नव्हती. इद्रिस ते वाजवून बघायचा आणि हसून म्हणायचा, "उत्तम तर आहे." आणि मार्चमधल्या एका दुपारी त्याच्या हातून कानस गळून पडली, डोळे फिरले आणि अंग ताठ होऊन थडथडायला लागलं. त्या खेपेच्या पट्टीला कुणीतरी नवं शेपूट लावलं होतं. त्याच आठवड्यात जिल्ह्यात पाच जण तसेच पडले आणि उठले नाहीत. इद्रिस उठला, कारण तहसीन दहा हात अंतरावर नक्षी करत बसली होती आणि तिने त्याला कुशीवर वळवून, बोंब मारून सगळी गल्ली गोळा केली.

सांगलीच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टर संयोगिता मगदूम पन्नाशीच्या, आवाजाने ठसठशीत, आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती.

"असं बघा," त्या म्हणाल्या, "मेंदूतली ती जागा म्हणजे कुलूप. टिक म्हणजे चोरकिल्ली. आधी आम्ही एकेक चोरकिल्ली पकडणाऱ्या लसी केल्या. पण हे लोक रोज नवी किल्ली घडवतात. म्हणून आता आम्ही कुलपाच्या भोकातच मेण भरतो. हा दाणा दंडात बसवला की सहा महिने थोडं थोडं औषध सोडतो. मग कुठलीही टिक घ्या, चढणारच नाही."

"पण त्यांची स्वतःची किल्ली?" तहसीनने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे जरा कौतुकाने बघितलं. "तीही आत जाणार नाही. तेच अवघड आहे. यांना 'झालं' असं वाटणारच नाही. कशाचंच. टिकने त्या कुलपाची पार वाट लावलीय. दोन वर्षं विश्रांती मिळाली तर बहुतेकांचं पुन्हा तयार होतं. चार दाणे लागतील. मध्येच काढला तर दहातले आठ जण महिन्याभरात पट्टीकडे परत जातात, आणि आत्ता बाजारात जी पट्टी आहे ती घेऊन वाचणारे फार थोडे. दाणा काढायचा हक्क मात्र त्यांचा आहे. ते म्हणतील तेव्हा पाच मिनिटांत काढून देईन."

असा दाणा बसला आणि मीठ सुरू झालं. मीठ, गॅसची कळ, दाराची कडी. नमाज पढून उठला की इद्रिस विचारायचा, "तीन रकात झाल्या की चार?" तहसीन शेजारच्या खोलीतून बोटं मोजत ओरडायची, "चार! अल्लाला कळल्या, तुम्हीपण मान्य करा!" दर बुधवारी दोघं केंद्रात जायची. तिथे वीस-पंचवीस माणसं गोल करून बसलेली असायची, आणि त्यांतला एक बँकेतला कारकून तर सही करून झाल्यावर ती झाली का म्हणून शेजारणीला विचारायचा. सगळी हसायची. हसणं बरोबर झालं का, हे मात्र कुणी विचारत नसे.

घरी कारखान्यात हसू येत नव्हतं. इद्रिस घोडीवर बसला की उठतच नसे. कानस, तार, कान, कानस. हरणाच्या शिंगावर बंदी येऊन जमाना झाला होता. घोड्या आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या हाडाच्या यायच्या. दोन महिन्यांत त्याने अशा नऊ घोड्या घासून घासून पातळ पापड करून टाकल्या. डॉक्टरांनी सुचवलं म्हणून सूर मोजणारं यंत्र आणलं. तार छेडली की ते शंभरपैकी गुण द्यायचं. पहिल्याच दिवशी त्याने अठ्ठ्याण्णव दाखवले. तहसीनने टाळी वाजवली.

"अठ्ठ्याण्णव आलेत," इद्रिस म्हणाला, "म्हणजे दोन राहिलेत." आणि त्याने ती घोडीपण संपवली.

यंत्र फडताळात गेलं. त्या संध्याकाळी इद्रिस कानस पुसत बसला होता. एकदम म्हणाला, "तहसीन, एक विचारू? पूर्वी माझं काम संपायचं तेव्हा चहा समोर असायचा. मी हाक मारायच्या आधी. तुला कसं कळायचं?"

"कसं म्हणजे? तुम्ही थांबायचा."

"नाही. चहा उकळायला वेळ लागतो. मी थांबायच्या आधीच तू उठलेली असायचीस."

तहसीन आठवू लागली. खरंच की. नक्षी करता करता तिचे हात आपोआप ब्रश खाली ठेवायचे आणि पाय चुलीकडे वळायचे. वीस वर्षं तिने दिवसभर जवारी ऐकली होती. कुणी शिकवली नव्हती, कुणी विचारली नव्हती. सूर उमलायला लागला की तिला चहा आठवायचा, एवढंच तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी करून बघितलं. इद्रिस घासत होता, ती पानं रंगवत होती, आणि सकाळी अकराच्या सुमाराला तिला वाटलं, चहा टाकावा. ती उठली. इद्रिसने तिच्याकडे बघितलं आणि कानस खाली ठेवली. त्याला आतून काहीही वाटलं नव्हतं. फक्त ती उठली म्हणून तो थांबला. तंबोरा सोलापूरला गेला आणि चार दिवसांनी तिथल्या गवयाचा फोन आला. तो फोनवरच तंबोरा वाजवून दाखवत होता आणि मध्येमध्ये रडत होता.

त्यानंतर सात तंबोरे गेले, एकही परत आला नाही. तहसीनला गल्लीत मिरवावंसं वाटायचं. "आमच्या घरात जवारी मी लावते, हे फक्त घासतात," असं ती शेजारच्या खालाला म्हणाली, आणि इद्रिसने ते ऐकून "खरंय" म्हटलं. पण संध्याकाळी तिने काढलेली नवी वेल त्याच्यापुढे धरली, तर तो बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मला नाही कळत, तहसीन." त्यात त्याचा दोष नव्हता हे तिला ठाऊक होतं. तरी वाईट वाटलं ते वाटलंच.

सप्टेंबरात पद्मजाबाई एकसंबेकर आल्या. कोल्हापूरच्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गाणं शिकवण्यात हयात गेलेल्या. इद्रिसच्या वडिलांपासूनचं हे गिऱ्हाईक.

"मागच्या वेळी माझ्या तंबोऱ्याचं डबडं करून दिलंस," त्या बसता बसता म्हणाल्या. इद्रिसने मान खाली घातली आणि काही न लपवता टिकचं, आकडीचं, दाण्याचं सगळं सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी गाडीतून खोळ घातलेला एक तंबोरा आणवला. "हा माझ्या गुरूंचा. जवारी उतरलीय, सूर बंद झालाय. घोडी अस्सल शिंगाची आहे, तुझ्या वडिलांनी बसवलेली. ही गेली तर कायद्याने दुसरी मिळायची नाही. दसऱ्याला गुरूंची शंभरावी जयंती आहे, त्या दिवशी हाच वाजला पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव होत नाही रे. काय करू?"

त्या गेल्यावर इद्रिस म्हणाला, "हा जमला तर मी दोन वर्षं काढीन. हा माझ्या हातून गेला, तर दाणा ठेवून करायचं काय? मग काढून टाकणार."

तहसीनचा जीव टांगणीला लागला. दाणा काढला तर पुढे काय, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आणि मार्चमधली ती दुपार तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

इद्रिस त्या घोडीवर बसला. जुनं शिंग कठीण, म्हणून कानस नुसती टेकवायची आणि उचलायची. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. तहसीन कान देऊन बसायची, पण चहा काही आठवत नव्हता. सूर जवळ यायचा आणि पडद्याआड उभा राहायचा. नवव्या दिवशी इद्रिसने जेवण सोडलं. दहाव्या दिवशी त्याच्या बोटांची कातडी सोलली आणि तारेला रक्त लागायला लागलं. तो ते पुसायचा आणि पुन्हा घासायचा. त्याला कशानेच पुरे वाटत नव्हतं, दुखण्यानेसुद्धा. अकराव्या दिवशी त्याने तार छेडली, तहसीनकडे बघितलं, आणि त्या बघण्यात एवढं आर्जव होतं की तिला ते सोसवेना.

ती उठली आणि तिने चहा टाकला.

इद्रिसने कानस खाली ठेवली, भिंतीला टेकला आणि बसल्या जागी झोपी गेला. तहसीन चुलीपाशी उभी होती. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

दोन दिवसांनी बाई आल्या. तंबोरा मांडीवर आडवा घेतला, डोळे मिटले, तारांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा, पाचदा. मग त्यांनी खर्जाची तार एकटीच छेडली आणि ती विरेपर्यंत ऐकली.

"गंधार नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "बंद आहे अजून. पण घोडी शाबूत आहे. दसऱ्याला तेरा दिवस आहेत, इद्रिस. इथेच ठेवून जाते."

त्या गेल्या. इद्रिसने पडदा नीट केला, जो नीटच होता, आणि मग विचारलं, "तुला ऐकू आलं होतं?"

"नाही."

"मग उठलीस का?"

"तुमची बोटं बघवत नव्हती मला."

इद्रिस अगदी शांतपणे म्हणाला, "टिकलापण माझी अशीच दया यायची, तहसीन. मी दमलो की म्हणायची, झालं, झालं, उत्तम झालं." त्याने चपला घातल्या. "दुनियेत एकाच माणसाच्या शब्दावर मी थांबत होतो. आता कुणाच्या थांबू?"

तो बसथांब्याकडे निघाला. तहसीन डोक्यावर ओढणी घेऊन मागोमाग गेली. सांगलीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली.

डॉक्टर मगदूमांनी कागद पुढे ठेवला. "सही करा, पाच मिनिटांत काढते. अडवणार नाही, पण काय होऊ शकतं ते पुन्हा एकदा सांगणं माझं काम आहे." त्यांनी सांगितलं. इद्रिसने पेन घेतलं.

"थांबा," तहसीन म्हणाली. "मला एक सांगायचंय. डॉक्टरांसमोरच सांगते, म्हणजे मागाहून फिरवता येणार नाही."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"टिकचे ते पाच महिने मला आवडले होते. तुम्ही माझ्या डाळीला छान म्हणत होता, माझ्या वेलींना वा म्हणत होता. तंबोरे परत यायला लागले तेव्हा मनात आलं होतं, काहीतरी बिघडलंय. पण विचारलं नाही. विचारलं तर ते 'वा' बंद होईल, म्हणून विचारलं नाही. तुम्ही आकडी येऊन पडलात तेव्हा मला आधी काय वाटलं माहीत आहे? की म्हणजे ते सगळं खोटं होतं तर. तुम्ही मरायला टेकला होता आणि मला माझ्या वेलींचं पडलं होतं." तिने गुंडाळलेलं टोक सोडून दिलं. "खोट्याची सवय मलापण लागलेली आहे. म्हणून परवा तुम्हालाही तेच पाजलं. चूक झाली. पुन्हा नाही करणार. तुमची बोटं गळून पडली तरी नाही करणार."

इद्रिस पेन हातात धरून तिच्याकडे बघत होता. वीस वर्षं जी बाई त्याला बोलण्यात कधी जिंकू देत नव्हती, ती आज मान खाली घालून बसली होती. त्याला आतून खात्री अशी काहीच वाटली नाही. दाणा असेपर्यंत ती वाटणारही नव्हती. पण एवढं स्वतःविरुद्ध कुणी उगाच बोलत नाही, हे समजायला मेंदूतल्या त्या जागेची गरज नव्हती.

"डॉक्टर," तो म्हणाला, "हिला बसवायला एखादा दाणा आहे का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "त्यांच्यासाठी नाही अजून निघाला."

"मग माझाच राहू द्या." त्याने पेन ठेवलं आणि बाही वर केली. "दुसरा तयार असेल तर आत्ताच बसवा. पंधरा दिवस आधी झाला म्हणून काय बिघडणार आहे? घरी जाऊन माझा विचार बदलायला नको."

"चालतो आधी बसवलेला," डॉक्टर म्हणाल्या आणि हातमोजे घालायला उठल्या. तहसीन तोंडावर ओढणी धरून रडत होती आणि रडताना म्हणत होती, "त्यांचा डावा दंड दुखतो, उजव्यात बसवा."

दसऱ्याला तीन दिवस उरले होते. सकाळचं ऊन कारखान्यात दारापर्यंत आलं होतं. इद्रिसच्या चार बोटांना पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी दिवसातून तीन तासच बसायची परवानगी दिली होती, आणि घड्याळ तहसीनच्या ताब्यात होतं. तीन तासांतली शेवटची पाच मिनिटं राहिली होती. त्याने शिंगावर कानस दोनदा टेकवली, फुंकर मारली, तार चढवली आणि खर्ज छेडला.

सूर भरून आला. खोलीभर फिरला. कालच्यापेक्षा चांगला होता, कितीतरी चांगला. ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांनी मान डोलावली असती. तहसीनने डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. तिला बाईंची जयंती दिसत होती, नवऱ्याचं ओढलेलं तोंड दिसत होतं, बोटावरच्या पट्टीतून वर आलेला लाल डाग दिसत होता. एका शब्दाने हे सगळं संपलं असतं. तो शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता.

"झालं?" इद्रिसने विचारलं.

"नाही," तहसीन म्हणाली. "अजून नाही."

इद्रिसने तिच्या डोळ्यांत बघितलं. तिने नजर हलवली नाही, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलंही नाही. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला, एखाद्याला फार दिवसांनी कुणीतरी खरं सांगावं तसा.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने तार उतरवायला घेतली.